आजोबांच्या रॉडला चमकी

मे महिन्याच्या शेवटी माझा मावसभाऊ रत्नागिरीहून ठाण्याला आला. त्याच्या एका हातात आंब्याची पेटी होती आणि खांद्यावर पीव्हीसी पाइपात घातलेला रॉड. रॉड त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या बापूकाकांचा. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. रॉड पिवळट तपकिरी फायबरग्लासचा, दोन तुकड्यांचा, सात फुटी. भाट्याच्या खाडीवर काकांनी याच रॉडने तांबोशा गरवल्या, शेंगट्या गरवल्या, आणि गरीला कोलंबी कशी लावायची ते मला शिकवलं तेही याच रॉडवर. आता त्याचा वरचा तुकडा मधोमध चिरला होता. कपाटाच्या दारात सापडला म्हणे.

मी दिवसा एका ऑफिसात हिशेब बघतो आणि रात्री गॅलरीत रॉड बांधतो. 'बांधतो' हा शब्द इथे शब्दशः घ्या. नुसती पोकळ काठी मिळते, तिला ब्लँक म्हणतात. तिच्यावर दोरी जाण्यासाठी कड्या बसवायच्या, त्या कड्यांचे पाय बारीक दोऱ्याने वेढ्याला वेढा चिकटवून बांधायचे आणि त्या दोऱ्यावर पारदर्शक इपॉक्सी चढवायचा. इपॉक्सी वाळेपर्यंत रॉड सतत फिरता ठेवावा लागतो, नाहीतर सगळा ओघळ खालच्या बाजूला येतो. माझ्याकडे त्यासाठी भंगारातल्या मायक्रोवेव्हची मोटार आहे, आतली काचेची ताटली फिरवते ती. मिनिटाला पाच-सहा फेरे. अगदी हवा तेवढा वेग.

चिरलेल्या नळीवरचा उपायही ठरलेला आहे. दुसऱ्या मोडक्या रॉडचा तुकडा आत बरोबर बसेल असा घासायचा, चिकटवायचा, आणि बाहेरून वीतभर दोरा घट्ट गुंडाळून त्यावर इपॉक्सी द्यायचा. रॉड पुन्हा मासा ओढतो. फक्त मधोमध एक जाडसर पट्टा राहतो. चीर झाकली जाते, पण इथे काहीतरी झालं होतं हे लांबूनही कळतं.

मावसभावाबरोबर त्याची मुलगी सई आली होती, बारा वर्षांची. तिने त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काका, इथे जांभळी चमकी लाव ना." तिने मोबाइलवर पाहिलं होतं. फिरणारा रॉड, त्यावर चमचमणारा जांभळा-निळा पट्टा, मागे गाणं. (रॉडवर एक रील असतं आणि रॉडचं एक रील असतं, हा विनोद आमच्या धंद्यात आता कुणी करत नाही.)

मी नाही म्हणालो. आजोबांचा रॉड आहे, लग्नाचा मांडव नाही. वर थोडं भाषणही दिलं. खरा रॉड साधा असतो, पूर्वीचे कारागीर असली थेरं करत नव्हते, हे सगळं हल्लीचं आणि अमेरिकेतून आलेलं. सईने शांतपणे विचारलं, "पूर्वीचे म्हणजे कोण?"

बारा वर्षांच्या मुलीशी वाद जिंकायचा म्हणून मी त्या रात्री वाचायला बसलो. वाद हरलो.

माझ्या बाजूने बोलणारे थोडे लोक सापडले, नाही असं नाही. जपानच्या वायव्य किनाऱ्यावर शोनाई नावाचं संस्थान होतं. तिथल्या सामुराईंना समुद्रावर मासे गरवायला जाणं हा कसरतीचा भाग समजला जाई. रात्रीच्या अंधारात डोंगरवाटा तुडवत खडकांवर जायचं, लांबलचक बांबू पेलत उभं राहायचं. त्यांचे रॉड अखंड बांबूचे आणि लाखेचा हात न लागलेले. वर्षानुवर्षं हाताळून आणि पुसून बांबूला जी झळाळी येई तीच त्यांची सजावट. हे वाचून मला फार बरं वाटलं. असाच रॉड मला म्हणायचा होता.

पण त्याच देशात, राजधानी एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, दुसरंच चाललं होतं. शहरातल्या माणसाला अठरा फुटी काठी घेऊन गल्लीबोळांतून जाता येत नाही. म्हणून तिथे एकात एक बसणारे, तुकड्यांचे रॉड लोकप्रिय झाले. १७८० च्या दशकात तोसाकु नावाच्या कारागिराने असे रॉड बनवायचं दुकान काढलं. परंपरेप्रमाणे तो मूळचा सामुराई, चाकरी सोडून रॉड बनवायला लागलेला. एदोच्या रॉडकारांची परंपरा त्याच्यापासून मोजतात. १९९१ साली जपान सरकारने या कामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

आता गंमत बघा. रॉडचे तुकडे केले की जोड येतो. जोडाशी एक बांबू दुसऱ्याच्या तोंडात जातो आणि मासा ओढायला लागला की ते तोंड चिरतं. म्हणून तिथे रेशमाचा दोरा गुंडाळायचा आणि त्यावर उरुशी, म्हणजे जपानी लाख चढवायची. रॉडवरचं पहिलं रंगकाम आलं ते असं, चिरू शकेल अशा जागी. मग मुठीवर आलं. आणि एकदा लाख आली म्हटल्यावर लाखेचे सगळे खेळ आले. ओल्या लाखेवर सोन्या-चांदीची पूड भुरभुरवणं, शिंपल्याचे रंगीत तुकडे बसवणं. भुरभुरवण्याच्या कलेचं नाव माकी-ए, अर्थच 'शिंपडलेलं चित्र'. बोटभर नळीच्या तोंडाला रेशमाची जाळी बांधायची, नळीत पूड भरायची आणि बोटाने टिचक्या मारत पूड पाडायची. यातला एक प्रकार नाशिजी. त्यात सोन्याचे बारीक कण लाखेवर विखुरतात, वरून पिवळसर पारदर्शक लाखेचे थर देतात आणि घासून गुळगुळीत करतात. कण थरांच्या आत खोलवर राहतात आणि तिथूनच चमकतात. नाशिजी म्हणजे नास्पतीच्या सालीसारखी जमीन.

हे मी दोनदा वाचलं. पारदर्शक थरात गाडलेले चमकदार कण. सईने मोबाइलवर पाहिलं ते दुसरं काय होतं?

शौकही तसाच होता. तानागो नावाचा मासा तुमच्या करंगळीएवढा असतो. एदोतले सरदार आणि धनिक व्यापारी तो गरवायला नाजूक, लाखकाम केलेले, जडवलेले रॉड घेऊन बसत. मासा केवढा, रॉड केवढ्याचा! त्या काळी सरकार व्यापाऱ्यांवर पुन्हा पुन्हा बंधनं घालत होतं. अमुक कापड घालू नका, तमुक रंग नको. मग श्रीमंती कपड्याच्या वरून अस्तरात गेली, कमरेला लटकवायच्या डबीत गेली. रॉडची मूठ ही मला अशीच एक जागा वाटते. हातात धरली की झाकली जाते. मासा तर ती बघतच नाही.

उरुशी हे झाडाचं चीक आहे आणि त्या झाडाचं घराणं आपल्या ओळखीचं आहे. आंबा, काजू आणि बिब्बा यांचंच. बिब्ब्याने अंग उततं तसंच कच्च्या उरुशीनेही उततं. शिकाऊ कारागिरांचे हात सुरुवातीला सुजतात. आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे उरुशीला वाळायला ओलावा लागतो. कोरड्या हवेत ती तशीच चिकट राहते. कारागीर रॉड दमट कपाटात ठेवतात, ७०-८० टक्के आर्द्रतेत, तेव्हा कुठे थर कडक होतो. जुलैतल्या रत्नागिरीत उरुशी आनंदाने वाळली असती. माझा इपॉक्सी बरोबर उलट्या स्वभावाचा. दमट हवेत त्याच्यावर तेलकट, दुधट साय येते.

एदोच्या रॉडकारांत साओचू नावाचं एक घराणं प्रसिद्ध आहे. पहिला साओचू १९३० साली वारला, त्याच्यामागून नाव मुलाकडे, मग नातवाकडे गेलं. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी तोक्योच्या पूर्व भागावर आगीचे बाँब टाकले, तेव्हा तिसऱ्या साओचूचं घर त्याच वस्तीत होतं. तो, त्याची बायको, आई आणि मुलगे त्या रात्री गेले. वाचला एक मुलगा, किसाबुरो, आणि वाचली एक मुलगी, जिला आधीच दूर नुमाझूला आत्याकडे पाठवलं होतं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढे ती एबिना कायोको या नावाने लेखिका झाली आणि त्या रात्रीबद्दल आयुष्यभर लिहीत, बोलत राहिली. किसाबुरो मोठा होऊन चौथा साओचू झाला.

मी सईच्या वयाचा विचार केला. अकरा, बारा. वाचणं थांबवून थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो.

युद्धानंतर जपानमध्ये उरुशीला स्वस्त पर्याय म्हणून एक रंग निघाला. वास तीव्र, पण झळाळी जवळजवळ लाखेची, आणि वाळायला दमट कपाट नको. तो आजही हौशी जपानी रॉडकार वापरतात. त्याचं नाव 'काशू', म्हणजे कॅश्यू, म्हणजे आपला काजू. काजूच्या टरफलातल्या तेलापासून तो बनवतात. तेच तेल, जे कोकणात होड्यांच्या लाकडाला लावतात आणि जे हाताला लागलं की कातडी सोलून निघते. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणला. पुढे त्याचं तेल जपानी रॉडवर कसं पोचलं हा एक स्वतंत्र लेख आहे, तो कुणीतरी लिहा.

माझ्या भाषणातला दुसरा मुद्दा होता अमेरिकेचा. तिथेही मी तोंडावर पडलो, पण जरा सावकाश.

१८७० च्या दशकात मेन राज्यातल्या बँगोर गावी हायरम लिओनार्ड बांबूच्या सहा चिपा तासून, त्या एकमेकींना चिकटवून षट्कोनी रॉड बनवू लागला. सुरुवातीच्या अशा रॉडना जो बांबू लागे तो भारतातून जाई, तिकडे त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. त्याच्यावर भाजल्याचे काळे डाग असत आणि ते डाग गिऱ्हाइकांना आवडत. नंतर दक्षिण चीनच्या बांबूने त्याला हटवलं. तेव्हाचा सरस ओलाव्याने सुटायचा, म्हणून रॉडभर थोड्या थोड्या अंतरावर रेशमी दोऱ्याचे वेढे दिले जात, चिपा सुटू नयेत म्हणून. पुढे चांगले सरस आले. वेढ्यांची गरज संपली, पण लोकांना ते वेढे बघायची सवय झाली होती. वेढे राहिले, रंगीत झाले, लाल रेघेशेजारी काळी रेघ आली. आज आपण रॉडवर जी दोऱ्याची नक्षी बघतो तिच्या मुळाशी सुटू पाहणाऱ्या चिपा आहेत.

पण चमकी मात्र त्या रॉडवर येऊ शकत नव्हती. कारण साधं आहे, जाडी. ब्रशने दिलेल्या व्हार्निशचा वाळलेला थर केसाहून बारीक असतो. त्यात चमकीचा कण ठेवला तर कोपरा वर येणार, बोटाला लागणार आणि दोरी तिथून घासून जाणार. कण पूर्ण बुडवायचा तर व्हार्निशचे पंधरा-वीस हात द्यावे लागतील. जपानी कारागीर लाखेचे तितके थर देत, महिने घालवत. अमेरिकन कारखान्याला ते परवडणारं नव्हतं.

खुद्द चमकीही बदलत होती. जुनी चमकी म्हणजे अभ्रक किंवा कुटलेली काच. सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी, की १९३४ साली न्यू जर्सीतल्या बर्नार्ड्सव्हिलमध्ये हेन्री रशमन नावाच्या यंत्रकारागिराने टाकाऊ माल बारीक, एकसारखा कापणारं यंत्र बनवलं आणि आजची चमकी जन्माला आली. १९४६ मध्ये अमेरिकेतल्याच एका कंपनीने प्लास्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांत ॲल्युमिनियम दाबून चमकदार सूत काढलं, लुरेक्स. आपल्याकडच्या कमी किमतीच्या साड्यांच्या काठात जरीच्या जागी बसलं ते हेच किंवा याचं भावंड. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चपटी केलेली चांदीची तार, वरून सोन्याचा मुलामा. माझ्याकडे रॉडसाठी येणारा 'मेटॅलिक' दोरा मी एकदा भिंगाखाली उलगडून पाहिला, तर त्यातही प्लास्टिकची चपटी चकाकती पट्टी. चांदी गेली, बाकी रचना जवळपास तशीच.

१९६० च्या सुमारास तशाच पापुद्र्याचे बारीक तुकडे मोटारींच्या रंगात पडले आणि हौशी मोटारवाल्यांच्या गाड्या दिवाळीच्या आकाशकंदिलासारख्या दिसू लागल्या. तिथून बोटींवर. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या विमा एजंटाने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास माशांची मोठी स्पर्धा भरवली. पुढच्या वर्षी त्याच राज्यातल्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वुडने बास मासेमारीसाठी रेंजर बोटी बनवायला सुरुवात केली. काही वर्षांत तलावांवर चमकीच्या रंगाच्या, उन्हात डोळे दिपवणाऱ्या बोटी हे नेहमीचं दृश्य झालं. गळाला लावायच्या प्लास्टिकच्या अळ्यांतही चमकी आली. तिथे तिला निदान काम होतं, माशाला खवल्यांचा भास व्हावा हे.

आणि त्याच सुमारास रॉडवरचं व्हार्निश जाऊन दोन भागांचा इपॉक्सी आला. हाच निर्णायक बदल. दोन बाटल्यांतलं द्रव सारख्या मापाने मिसळा, वीस-पंचवीस मिनिटांत लावून मोकळे व्हा, रॉड रात्रभर फिरत ठेवा. सकाळी एकाच हातात काचेसारखा जाड थर. लाखेला जे करायला महिने लागत ते एका रात्रीत. पारदर्शक जाडी मिळाली आणि चमकीला जागा झाली. माझ्या मते रॉडवरच्या चमकीचं श्रेय बदललेल्या अभिरुचीपेक्षा या एका थराला जास्त आहे. चमकणारी वस्तू लोकांना एदोतही आवडत होती.

रविवारी सईला फोन करून सांगितलं, लावतो चमकी.

ती दुसऱ्याच आठवड्यात नेल-आर्टची डबी कुरियरने आली. कण ०.२ मिलिमीटरचे, भिंगाखाली षट्कोनी. षट्कोनी कापले की मधे पापुद्रा वाया जात नाही, मधमाशांच्या पोळ्यासारखे एकाला एक लागून निघतात. स्टेशनरीच्या दुकानातली चमकी चालत नाही, ती मिलिमीटरभर मोठी असते आणि पेन्सिलएवढ्या गोल काठीवर सपाट झोपत नाही, कडा वर काढते.

मी चूक केली ती आळसापोटी. चमकी सरळ इपॉक्सीत कालवली आणि ब्रशने लावली. छान दिसत होती. मोटार लावून झोपलो. रात्री कधीतरी लाईट गेली. सकाळी बघतो तर पट्ट्याची वरची बाजू उघडी, दोरा दिसतोय, आणि खाली जांभळं पोट सुटलेलं. चमकी प्लास्टिकची, पाण्याच्या सुमारे १.४ पट जड, इपॉक्सी १.१ पट. रॉड थांबला की इपॉक्सी ओघळतो आणि चमकी त्याहून पुढे, तळाशी. वर जूनची हवा, म्हणून सगळ्यावर दुधट साय. बापूकाकांच्या रॉडवर ते गाठोडं बघून मला सईला काय सांगावं कळेना. ब्लेडने इपॉक्सी खरवडताना ब्लँकलाही एक ओरखडा गेला. तो अजून आहे, नव्या दोऱ्याखाली.

दुसऱ्या वेळी मी एदोची पद्धत वापरली. आधी दोऱ्यावर साधा थर, तो पूर्ण वाळू दिला. त्यावर अगदी पातळ दुसरा हात. बांबूची बोटभर नळी घेतली, तोंडाला जुन्या चहाच्या गाळणीची जाळी ताणून बांधली आणि रॉड फिरत असताना टिचक्या मारत चमकी पाडली. कण जिथे पडतील तिथे चिकटतात, बुडायला खोली नसते. मध्यभागी दाट, कडांकडे विरळ. दुसऱ्या दिवशी सुटे कण ब्रशने झाडले, उभे राहिलेले कोपरे बारीक पॉलिशपेपरने हलकेच मोडले आणि वर स्वच्छ इपॉक्सीचे दोन हात. खोलीत ओलावा शोषणारं यंत्र, शेजाऱ्यांकडून इन्व्हर्टरची एक वायर. चार रात्री लागल्या.

चमकी मला आजही पूर्ण माफ नाही. ऑक्टोबर २०२३ पासून युरोपात सुटी प्लास्टिकची चमकी विकण्यावर बंदी लागू झाली, कारण ती शेवटी पाण्यात जाते आणि तिथेच राहते. घट्ट थरात अडकलेल्या चमकीला ती बंदी नाही. रॉडवरची चमकी अडकलेली आहे, खरं. पण माझ्या गॅलरीच्या फरशीवरची नाही. मी ती ओल्या फडक्याने टिपतो, फडकं धूत नाही, बांधून कचऱ्यात टाकतो. तरी परवा ऑफिसात एकाने माझ्या भुवईवर जांभळा कण दाखवला.

पाऊस ओसरल्यावर रॉड घेऊन रत्नागिरीला गेलो. भाट्याला सईने पहिल्या तासात एक शेंगटी काढली. मावसभावाने व्हिडिओ घेतला त्यात मासा आहे, सईचा अर्धा चेहरा आहे, रॉड आलेलाच नाही. घरी आल्यावर तिने रॉड मावशीच्या मांडीवर ठेवला. मावशीने चष्मा लावला, पट्ट्यावरून अंगठा फिरवला, मग नख फिरवलं.

"लागत नाही काही हाताला," ती म्हणाली. "चीर कुठे होती?"

सईने दाखवलं. मावशी तिथे बघत राहिली.

"त्यांना आवडलं नसतं हे," ती म्हणाली. मग रॉड उचलून मावसभावाकडे दिला. "आणि पुन्हा त्या कपाटात ठेवू नका. इथे, बाहेर, भिंतीला लावा."